मदत हवी आहे: कान्ह्याचा बारशिंगा वेगळी उपजाती आहे, हे डीएनएवरून नक्की कसं ठरतं?

नमस्कार मंडळी,

मी गोंदियाला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हिवाळ्यात मुलांना कान्ह्याला नेते. यंदा त्यांच्यासाठी बारशिंग्यावर मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि एका जागी अडलेय.

जुनी मांडणी सरळ आहे. १९४३ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने मध्य भारतातल्या बारशिंग्याला ‘ब्रँडेरी’ हे उपजातीचं नाव दिलं, ते जुन्या मध्य प्रांतातले वनाधिकारी डनबार ब्रँडर यांच्यावरून. १९८२ मध्ये वर्गीकरणतज्ज्ञ ग्रोव्ह्जने आसामातले बारशिंगे वेगळे काढले आणि त्यांना वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांचं नाव दिलं. उरलेले उत्तर प्रदेशातल्या दुधव्याचे आणि नेपाळकडचे ते मूळ उपजातीत राहिले. तेव्हाचे पुरावे म्हणजे अंगकाठी, कवटी, खूर. दलदलीत वावरणाऱ्यांचे खूर पसरट आणि फाकलेले असतात. कान्ह्याचा बारशिंगा साल जंगलातल्या कडक मैदानांवर चरतो, त्याचे खूर घट्ट मिटलेले. २०१७ मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मायटोकाँड्रियल (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांमधला) आणि पेशीकेंद्रातला असा दोन्ही डीएनए तपासून तिन्ही गट वेगळे असल्याचं दाखवलं.

माझी अडचण इथून पुढे आहे. १९७० साली कान्ह्यात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. आजचे सगळे त्यांचेच वंशज. एवढ्या थोड्या जनावरांतून कळप पुन्हा वाढला की काही जनुकं निव्वळ योगायोगाने गळतात, काही उगाच बोकाळतात. मग आज दिसणारा फरक हजारो वर्षांच्या वेगळेपणाचा, की या पडझडीचा? हा प्रश्न नुसता नावापुरता नाही. वर्गात एका मुलीने विचारलं, नातलगांतच वीण होत असेल तर दुधव्याचे नर आणून सोडत का नाहीत? तिला ठाम उत्तर द्यायचंय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद – लेंडीशोधक

मॅडम, प्रश्न अगदी नेमका आहे. मी हरणांच्या लेंड्यांमधून डीएनए काढण्याचं काम करतो. ताज्या लेंडीवर जो चकचकीत थर असतो, त्यात आतड्याच्या पेशी असतात. तेवढाच थर खरवडून घ्यायचा, आतला चारा नाही. जनावराला हातही लावावा लागत नाही.

आता मुद्दा. संख्या कोसळल्याने जनुकीय विविधता गळते, नवी तयार होत नाही. समजा, प्रत्यक्ष विणीत भाग घेणारी परिणामकारक संख्या २० असेल, तर दर पिढीला १/४०, म्हणजे अडीच टक्के विविधता जाते. बारशिंग्यात थोडेच दांडगे नर बहुतेक माद्या राखतात, त्यामुळे ६६ मोजले तरी ही संख्या फार कमी भरते. मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, त्याच्यावर घाव आणखी मोठा. म्हणून मायक्रोसॅटेलाइटवरून (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून) काढलेला ‘एफएसटी’, म्हणजे दोन गटांतला जनुकीय फरक सांगणारा आकडा मोठा दिसला की लगेच उपजाती म्हणू नका. तो आकडा अशा पडझडीनेही फुगतो.

तुम्ही बघायचं ते वंशवृक्षावरच्या फांद्यांमधलं अंतर. कान्ह्याचे क्रम (डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी) दुधव्याच्याच क्रमांमध्ये मिसळलेले किंवा एखाद्या अक्षराने वेगळे निघाले, तर दोष पडझडीचा. त्यांची स्वतंत्र फांदी असेल आणि मधे बरीच उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले बदल, साचलेली असतील, तर ते पन्नास-साठ वर्षांत होणं शक्य नाही, ते जुनंच वेगळेपण. काश्मीरच्या हंगुलचं बघा. तो कित्येक वर्षं युरोपातल्या लाल हरणाची उपजाती म्हणून नोंदलेला होता. फांद्यांचं अंतर मोजल्यावर बॅक्ट्रियाच्या आणि यारकंदच्या हरणांबरोबर त्याला आता स्वतंत्र जात मानतात.

दुधव्याचे नर आणण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आज नको. कडक जमिनीचा बारशिंगा रानात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता, कान्ह्यातच काय तो. त्याचे खूर, त्याची सवय एकदा मिसळली की परत वेगळी काढता येत नाही. २०१५ पासून सातपुड्यात बोरीला आणि २०२३ मध्ये बांधवगडला कान्ह्याचेच बारशिंगे नेले आहेत. आधी या तीन ठिकाणांमध्ये अधूनमधून जनावरांची अदलाबदल चालू ठेवावी. वीण खुंटली, पाडसं जगेनाशी झाली, तरच बाहेरच्या नराचा विचार.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. फांद्यांचं अंतर आणि एफएसटी यातला फरक मुलांना आता नीट सांगता येईल.

एक विनंती सगळ्यांनाच. १९७० च्या आधीचे नमुने मिळाले तर गळालेली विविधता थेट मोजता येईल, कारण जुन्या कवटीतल्या चिमूटभर हाडाच्या भुकटीतूनही डीएनए निघतो. बालाघाट, भंडारा, नागपूरकडच्या जुन्या वाड्यांत किंवा संग्रहालयांत बारशिंग्याची कवटीसकट शिंगं आहेत का, आणि त्यावर शिकारीचं ठिकाण व साल लिहिलेलं आहे का? कुणी पाहिली असतील तर फक्त एवढीच माहिती इथे द्या. घराचा पत्ता, मालकाचं नाव नको. नमुना घ्यायचाच झाला तर तो वनखात्याच्या रीतसर परवानगीनेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अशा शिंगांसाठी मालकीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे परस्पर कुणी शिंगं खरवडू नयेत.