कातडी फुटलीच नाही, मग 'व्रण' कसा?

खाजन
परिचर्येच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी शब्दसूची चालू आहे. शिकवणे इंग्रजीतून होते, पण गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे इथली बरीच मुले प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेली असतात. शिवाय रुग्ण घरी जाताना नातेवाइकांना सूचना मराठीत द्याव्या लागतात. गाडी 'प्रेशर अल्सर'पाशी, म्हणजे एकाच जागी दाब राहून कातडी-मांसाला होणाऱ्या जखमेपाशी, अडली आहे. सूचीत 'दाबव्रण' लिहिले आणि खाली व्याख्या दिली, 'पहिल्या टप्प्यात कातडी अखंड असते.' एका तपासनिसाचा शेरा : कातडी अखंड, तर व्रण कसला? दुसऱ्याचा : व्रण म्हणजे जखम भरल्यावर उरते ती खूण, तिची मलमपट्टी कशी करणार? तिसऱ्याला जुना 'शय्याव्रण'च हवा आहे. कोणता ठेवावा?

आबोली
शय्याव्रण नकोच. दोष बिछान्याचा नसतो. आत हाड, बाहेर टणक पृष्ठभाग, यांच्यामध्ये मांस चेपले जाते, रक्त पोचत नाही आणि तो भाग मरू लागतो. खुर्चीत दिवस काढणाऱ्याला हे बैठकीच्या हाडांवर होते. ऑक्सिजनच्या नळीने कानामागे होते, नाकातल्या नळीने नाकपुडीच्या कडेला होते. इथे शय्या कुठे आली? ज्याने 'शय्याव्रण' पाठ केला तो माकडहाड आणि टाचा बघेल आणि नळीखालची कातडी बघायची विसरेल. लॅटिनमधल्या 'डेक्युबिटस'मध्येही आडवे पडणेच आहे, म्हणजे चूक जुनी आणि तिकडचीही आहे.

कुळागर
'व्रण'वरचे दोन्ही शेरे बरोबर आहेत आणि दोन्ही अपुरे. संस्कृतात व्रण म्हणजे उघडी जखम. आयुर्वेदातले नाडीव्रण, दुष्टव्रण हे त्याच अर्थाचे, आणि आपला 'जठरव्रण'ही. मराठी बोलण्यात मात्र तो खुणेकडे सरकला. 'देवीचे वण' मधला वण हा त्याचाच घासलेला रूपभेद. गंमत म्हणजे सुश्रुताने शब्द फोडून दाखवला आहे तिथेच दोन्ही अर्थ आहेत : 'वृ' म्हणजे आच्छादणे, आणि भरून आल्यावरही ज्याची खूण देह असेतो जात नाही तो व्रण. म्हणजे जखमेचे नावच तिच्या खुणेवरून पडले. तेव्हा मराठी माणसाने शब्द बिघडवला असे म्हणू नये.

मांडवीकाठ
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण ती खाटेशी बसलेल्या मुलीच्या उपयोगाची नाही. लोक 'बेडसोर' म्हणतात. 'इस्पितळ' पोर्तुगीजातून आला तेव्हा आपण 'रुग्णालय' हवे म्हणून अडून बसलो नाही, आजही दोन्ही चालतात. शब्द कळला पाहिजे, तो कुठला आहे ते नंतर.

आबोली
'बेडसोर'मध्येही बेड आहेच ना. आक्षेप परकेपणाला नाही, चुकीच्या कारणाला आहे.

पोफळ
एक गोष्ट राहिली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने 'अल्सर' काढून 'इंज्युरी' घेतला. खाजन यांना पडलेला प्रश्नच त्यामागे होता, पहिल्या पायरीवर कातडी फुटलेली नसताना अल्सर म्हणायचे कसे. मग मराठीत 'दाब-इजा'?

कुळागर
'इजा' म्हटले की मराठी कान विचारतो, कोणी केली? इंग्रजीतही त्या बदलावर ही हरकत आली होती, कोर्टकचेरीची धास्ती म्हणून. पण नैतिक बाजूने पाहिले तर तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवले की अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो.

पोफळ
'बहुधा' महत्त्वाचे. रक्तदाब फार खाली गेलेल्या, मरणासन्न रुग्णाची कातडी सगळे नीट करूनही जाते. म्हणून भरती होताना, डोक्यापासून टाचेपर्यंत, कातडी पाहून नोंदवायची : जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, वास, स्राव. ती नोंद नसेल तर जखम घरून आली की इथे झाली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि इजा कोणाची हा वाद मग निष्कारण रंगतो.

खाजन
'टप्पा' राहू द्यावा का?

आबोली
टप्पा नको, 'श्रेणी' घ्या. टप्प्यात चढउतार गृहीत असतो. चौथ्या श्रेणीची, हाडापर्यंत गेलेली जखम भरू लागली म्हणजे ती तिसरीची होत नाही. गेलेले स्नायू आणि चरबी परत येत नाहीत, त्या जागी नवे दाणेदार ऊतक भरते. नोंद 'भरत असलेली चौथी श्रेणी' अशीच हवी. आणि काळी खपली बसली असेल तर तळ दिसेपर्यंत श्रेणी देताच येत नाही.

मांडवीकाठ
पहिल्या श्रेणीला आपला 'चट्टा' पुरेल. 'बोटाने दाबल्यावर न पांढरा होणारा चट्टा.'

पोफळ
चट्टा उत्तम, पण त्याला 'लाल' जोडू नका. पुस्तकातली लाली गोऱ्या कातडीची आहे. सावळ्या कातडीवर चट्टा जांभळट किंवा नुसता गडद दिसतो, दाबून पांढरे होणे कळतच नाही. हाताच्या पाठीने शेजारच्या कातडीशी ताडून बघायचे : गरम की गार, टणक की पिठासारखी मऊ, दुखते का. 'लाल' लिहिले की विद्यार्थी लाल शोधतो आणि त्याला काही सापडत नाही.
पावसाळ्यात आणखी एक घोटाळा. चादरी वाळत नाहीत, घाम आणि लघवी यांनी कातडी भिजून पांढरी, फुगलेली होते. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांसारखी. तिची कड अस्पष्ट असते आणि ती हाडावरच असते असे नाही, घड्यांत असते. ती दाबाची नव्हे. तिच्यावर कूस बदलण्याचा उपाय एकटा चालत नाही, आधी ती जागा कोरडी ठेवायला हवी.

खाजन
नातेवाइकांच्या सूचनेत 'तेल लावा' असे आहे. ते बदलावे का?

कुळागर
बदलाच. आपल्याकडे 'तेल लावणे' म्हणजे चोळणेच समजतात, खोबरेल घेऊन चट्ट्यावरच. तिथल्या केशवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात, चोळल्याने फुटतात. वाक्य असे हवे : 'चट्ट्यावर चोळू नका. आजूबाजूच्या कोरड्या कातडीला हलक्या हाताने लावा.' तसेच 'चुंबळ ठेवा' हेही काढा. कापडाची चुंबळ किंवा हवेची गोल कडी आपल्या कडांवर दाबते आणि मधल्या भागाचे रक्त अडवते.

आबोली
आणि 'कुशीवर झोपवा' हे? मला त्याची जास्त काळजी वाटते. शब्द घरचा आहे, म्हणून कोणी तपासत नाही. कुशीवर म्हटले की माणूस पूर्ण आडवा, नव्वद अंशांत वळवतात, आणि सगळे वजन मांडीच्या खुब्यावर येते. तिथे मांस थोडे, जखम पटकन. हवे असते तीस अंश.

मांडवीकाठ
त्याला 'कलता' म्हणावे. 'डावीकडे कलता, उताणा, उजवीकडे कलता.'

आबोली
हे घ्यावे. पाठीमागे आणि ढुंगणाखाली एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक. साधारण दर दोन तासांनी, पण कातडी पाहून वेळ कमी करायची. तक्त्यावर 'कूस बदलली' एवढेच लिहू नये. पुढच्या पाळीला दिशा कळत नाही आणि माणूस पुन्हा त्याच बाजूला जातो.

पोफळ
डोक्याकडची बाजू फार उचलली की माणूस खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे जाते. भौतिकशास्त्रात याला 'कर्तन' म्हणतात, पण विद्यार्थी कापणे समजतील.

कुळागर
'आतली ओढ' म्हणा. घर्षण वरचे, ओढ आतली.

खाजन
घेतला. टाचांसाठी 'टाच वर ठेवा' असे लिहिले आहे.

आबोली
त्याने टाचेखालीच उशी देतील. लिहा : 'पोटरीखाली लांबीला उशी, टाच अधांतरी.' तळहात सहज सरकला पाहिजे तो टाचेखालून, उशीखालून नव्हे. हेही वाक्य तपासून घ्या, मला अजून ते सरळ वाटत नाही.

खाजन
'टाच आणि गादी यांमध्ये तळहात सहज सरकला पाहिजे.' चालेल?

आबोली
चालेल.

मांडवीकाठ
आणि दाबव्रण?