पचमढीला जाऊन बी फॉल करायलाच पायजे का?

संत्राबर्फी:
दिवाळीनंतर चार दिवस मध्य प्रदेशातल्या पचमढीला जाऊन आलो, नागपूरहून छिंदवाडा-तामिया असं स्वतःच्या गाडीनं, आणि आता माझं ठाम मत झालंय की आपण नागपूरकर तिथं फक्त हजेरी लावायला जातो. भाड्याची जिप्सी जीप ठरवायची, बी फॉलचा धबधबा, अप्सरा विहार, पांडव लेणी, संध्याकाळी धूपगडला मोबाईलमध्ये एकाच सूर्याचे शंभर फोटो, की झाली पचमढी. (सवय जुनीच आहे म्हणा, सीपीचं, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांताचं, सरकार उन्हाळ्यात नागपुरातून उठून तिथंच जायचं.)

आम्ही यावेळी बी फॉल मुद्दाम सोडला आणि तो वेळ खडकांवरची चित्रं बघण्यात घालवला. पांढऱ्या नि लाल रंगात घोडेस्वार, धनुष्यवाले, मध काढणारी माणसं. जटाशंकरच्या बाजूला एका गुहेत एक जण बसून तंतुवाद्य वाजवतोय, म्हणून इंग्रजांनी तिला हार्पर्स केव्ह म्हटलं. खाली जटाशंकरला ही रांग आणि वर आम्ही तिघं नि एक माकड. १८७५ चं क्राइस्ट चर्च आतून बघा, दुपारी रंगीत काचांतून ऊन येतं तेव्हा. येताना तामियाच्या पुढं पाताळकोट दरीच्या काठावर थांबा, हजार-बाराशे फूट खाली भारिया आदिवासींची गावं दिसतात. हे सगळं सोडून धबधब्याखाली धक्काबुक्की कायला करायची?

महालचा_पोट्टा:
भाऊ तुमाले चार दिवस भेटले, आमाले शनिवार-रविवार भेटते अन् त्यातला अर्धा वेळ सावनेरच्या पुढं ट्रकच्या मागं जाते. बायको, दोन पोट्टे, आई. चित्रं मी बी दाखवली होती मागच्या टायमाले, सात वर्षाचा पोरगा म्हणे बाबा असे घोडे तर मी बी काढतो. बी फॉलच्या पाण्यात मात्र दीड तास बाहेर निघाला नाही. गर्दी आहे कारण जागा चांगली आहे, सिंपल. पयल्यांदा जाणाऱ्याले धूपगड सोडा म्हणणं म्हणजे नागपुरात येऊन दीक्षाभूमी नको, आमच्या गल्लीतली विहीर पाहा म्हणण्यासारखं झालं.

संत्राबर्फी:
धूपगड सोडा असं मी कुठं म्हटलं? १३५२ मीटर, सातपुड्यातला सगळ्यात उंच माथा आहे तो. पहाटे जा म्हणतो, सूर्यास्ताची जत्रा टाळा.

धंतोली_दुपार:
दोघांनाही एक सांगते. आपल्या मनानं कुठंही गाडी घालता येत नाही तिथं, बराचसा भाग व्याघ्र प्रकल्पात आहे, परवाना काढा, जिप्सी घ्या. आणि संत्राबर्फी, तुमचं पटलं तरी हे असं जागेच्या नावासकट लिहू नका प्लीज. मी मागच्या वर्षी एका गुहेत गेले तर हजारो वर्षांच्या चित्राला लागून दगडानं खरडलेला बदाम नि त्यात दोन नावं. बी फॉलला लाख लोक गेले तरी पाणी वाहूनच जातं, चित्र एकदा गेलं की गेलं. गर्दी बी फॉललाच राहू द्या, माझं तर तेच मत आहे.

संत्राबर्फी:
म्हणजे आपण बघायचं आणि बाकीच्यांना सांगायचं नाही? हे मला जमत नाही बुवा. ज्यांना माहीतच नाही ते जपणार तरी काय?

धंतोली_दुपार:
बदामवाल्यांना माहीत होतं की.

हर_बोला:
मी कधी लिहत नाही पण हे वाचून हसू येऊन राह्यलं. अनवट कोणाले अनवट? माझी आजी अकरा वर्षं पचमढीच्या जंगलातल्या नागद्वारच्या यात्रेले गेली, नागपंचमीच्या आधी गणेशपेठहून बस धरून, मंग धूपगडाच्या अंगानं पायी, पावसात, घसरत, लोखंडी शिड्या चढून. तो रस्ता वर्षातून तेवढेच दिवस खुलते आणि त्या दिवसांत अर्धा विदर्भ त्या जंगलात असते, अनोळखी माणूस भेटला तरी त्याले भगत म्हणते. शिवरात्रीले चौरागडच्या डोंगरावर महादेवाले, खांद्यावर त्रिशूळ, पायऱ्याच तेराशेच्या आसपास. वर जाऊन पाहा किती त्रिशूळ पडले आहेत ते. आमच्या घरी पचमढी हा शब्दच नव्हता, मोठ्या महादेवाले जाऊन राह्यलो म्हणायचे, छोटा महादेव म्हणजे सालबर्डी. आता कोणी ड्रोन उडवून नागद्वारले हिडन प्लेस म्हणते. आजीनं बी फॉल एकदा बी पाह्यला नाही, तिच्यासाठी तोच हिडन होता.

महालचा_पोट्टा:
हे लय भारी बोलले राजे हो 😂

संत्राबर्फी:
बरोबर आहे, चौरागडला मी स्वतः गेलो नाही, पायऱ्या ऐकूनच मागं फिरलो, आणि नागद्वार तर डोक्यातच नव्हतं. पण मग तुमचंही म्हणणं माझ्याच बाजूचं झालं ना, की जिप्सीवाल्याच्या यादीबाहेर पचमढी आहे?

हर_बोला:
नाही भाऊ. तुम्ही पाहाले जाता, ते नवस फेडाले जात होते. गुहेत चित्रं आहेत हे आजीले माहीत असन बी, थांबून पाह्यली नसन.

धंतोली_दुपार:
आणि यात्रेनंतर त्या वाटेवर उरणारं प्लास्टिक? श्रद्धा आहे म्हणून ते सुटलं का?

हर_बोला:
ते खरं आहे. आजीच्या वेळी शिदोरी फडक्यात बांधून नेत होते. आता पाऊच आले.

महालचा_पोट्टा:
एक सांगा कोणी. हे आता आईले वाचून दाखवलं, तर म्हणते बी फॉल पोट्ट्याईले दाखव, मले चौरागडले ने, तुह्या बाबांनी बोललेला त्रिशूळ राह्यला आहे. इतके वर्ष आमाले माहीतच नव्हतं. गुडघे दुखतेत, पण आयकत नाही. जिप्सी कुठलोक जाते, अन् तिथून पुढं डोलीबिली भेटते का?