टॅपेट सेट करूनही टकटक
एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप) नऊच्या नियमाने, म्हणजे १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की ८ नंबरचा, बेरीज नऊ, असे सेट करायचे, ते बरोबरच. पण गॅप ०.०१५ इंच ठेवूनही टकटक राहते म्हणून लगेच कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यावर) संशय नको. आधी रॉकरचं टोक बघा. माझ्या रॉकरला व्हॉल्व्हच्या दांड्याएवढा खळगा पडला होता, नख अडकायचं. फिलर गेजची, म्हणजे गॅप मोजायची, सपाट पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, त्यामुळे पट्टी नीट घासली तरी खरा गॅप जास्तच. रॉकर बदलले, आवाज गेला. (आपल्या जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं इंजिनही एमजीबीच्याच बी-सिरीज इंजिन घराण्यातलं.)

आणि हो, गॅप सेट करायच्या स्क्रूचा लॉकनट आवळताना तो स्क्रू हमखास थोडा फिरतो. आवळून झाल्यावर गेज पुन्हा घालून बघाच.