कंटेनर इमेजमधला टाइमझोन बदलत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी हर्णैचा, काकांच्या होडीच्या मासळीचा हिशोब ठेवायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय आणि तो अल्पाइनवर (छोटं लिनक्स) बिल्डा (कंटेनर इमेज बनवायचं टूल) वापरून कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) टाकलाय. डॉकरफाईल (इमेज बनवायच्या पायऱ्यांची फाईल) नाही, सगळं कमांड लाइनवरूनच. बिल्डा कॉन्फिगला डॅश डॅश एन्व्ह देऊन टीझेड (टाइमझोन ठरवणारं व्हेरिएबल) एशिया स्लॅश कोलकाता केलं, मग बदल इमेजमध्ये सेव्ह करायला बिल्डा कमिटही केलं (पहिल्यांदा तेच विसरलो होतो, त्यात एक अख्खी रात्र गेली). आता पॉडमन (कंटेनर चालवायचं टूल) इन्स्पेक्टमध्ये टीझेड बरोबर दिसतंय, पण पावतीवर वेळ अजून साडेपाच तास मागेच, म्हणजे संध्याकाळी 5 च्या लिलावातली सुरमई सकाळी 11:30 ला विकली असं छापतंय. काका म्हणतात असली पावती व्यापाऱ्याला द्यायची कशी, आणि बरोबरच आहे त्यांचं.

अल्पाइनमध्ये टीझेडडेटा (टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज) वेगळं टाकावं लागतं का?

दुसरं म्हणजे एंट्रीपॉइंट (कंटेनर सुरू होताना चालणारी कमांड) मी साध्या ओळीत दिलाय, चौकोनी कंसातली यादी करून नाही. तेव्हापासून सीएमडीमधले (त्या कमांडला जोडून द्यायचे) पर्याय प्रोग्रॅमला पोचतच नाहीत आणि पॉडमन स्टॉप केलं की पूर्ण 10 सेकंद थांबून मग सिगकिल (जबरदस्तीने बंद) होतं. मध्ये शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आल्यामुळे सिगटर्म (नीट बंद हो असा सिग्नल) पोचत नसेल का? इथे पावसात लाईट सारखी जाते, इन्व्हर्टरवर घाईत बंद करावं लागतं आणि शेवटची नोंद जाते, तेच जास्त लागतंय. यादीच्या रूपात देताना कमांड लाइनवर अवतरणचिन्हं नेमकी कशी लावायची ते कोणी सांगा प्लीज, माझी प्रत्येक वेळी चुकतायत.