परदेशात आपल्याकडचं वाईट सांगावं का?

तांबडापांढरा:
मूळ कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं जर्मनीत. परवा कँटीनमध्ये एका जर्मन कलीगने सरळच विचारलं, तुमच्याकडे जात अजून आहे का. मी म्हटलं आहे, गटारात माणूस उतरवायला बंदी आहे, 2013 चा कायदा आहे, तरी दरवर्षी माणसं आत गुदमरून मरतात आणि ती बहुतेक ठराविक जातींचीच असतात. टेबलावर आपलाच एक मराठी मित्र होता, तेव्हा गप्प बसला आणि नंतर लिफ्टमध्ये म्हणे, घरातलं चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती, देशाबद्दल काही वाटतं की नाही तुला. अरे चांद्रयान 3 उतरलं तेव्हा अख्ख्या फ्लोअरला सोनपापडी मीच वाटली होती (पेढे मिळाले नाहीत इथे). चुकलो का मी?

घाटावरचा:
मित्राचं अगदीच चूक नाही हां. विचारणाऱ्यातले निम्मे लोक आधीच मत बनवून बसलेले असतात. मी लंडनला होतो तेव्हा साप, गरिबी आणि जात, चौथा प्रश्न नाही. मी आपलं कायद्याने बंदी आहे एवढं सांगून विषय बदलायचो. तू चांद्रयानाचं पण तिथेच सांगायचंस, बॅलन्स झाला असता.

सावित्रीकाठ:
बॅलन्स कसला, ताळेबंद आहे का तो? माझं आजोळ महाड. चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव नगरपालिकेने 1924 लाच केला होता, म्हणजे कागदावर सगळं ओके, तरी पाणी प्यायला कुणाची हिंमत नव्हती, 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले तेव्हा ते पाणी प्यायले. त्याच दिवशी हे लोक देवळात घुसणार अशी अफवा उठवून त्यांना मारहाण झाली, नंतर तळं शेण-गोमूत्र टाकून "शुद्ध" केलं आणि कोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. आता पाहुणा आला की मामा हौसेने तळं दाखवायला नेतो, पुतळ्यासमोर फोटो काढतो. पण शुद्ध करणारे कोण होते विचारलं की म्हणतो चल, चहा घेऊ. आमच्याच गावचे होते ना ते! ते गाळलं तर मग तळ्यात दाखवण्यासारखं काय उरतं, नुसतं पाणी. आणि घाटावरचा, "कायदा आहे" हे तेव्हाही म्हणता आलं असतंच की.

तांबडापांढरा:
मामा भारी :) इथे माझ्या बिल्डिंगच्या दारात फुटपाथवर पितळेचे छोटे चौकोन बसवलेत, इथे राहणाऱ्या ज्यू कुटुंबाची नावं, जन्मसाल, कुठे नेऊन मारलं ते. तो कलीग शाळेत असताना असले चौकोन घासायला जायचा. त्याच्यासमोर मी काय लपवणार.

घाटावरचा:
जर्मनांचं कौतुक पुरे. युद्ध हरल्यावर सुचलंय ते, आणि हे चौकोन बसवायला पण नव्वदचं दशक उजाडलं. बाकी मामाचा मुद्दा मान्य, चहावाला मीच. त्या मित्राशी बोललास का परत?

तांबडापांढरा:
बोललो. म्हणतो माझं एवढंच म्हणणं, परक्यांसमोर नको. म्हटलं बरं, आपल्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू? तर म्हणे तिथे तर अजिबात नको.