अनुभव सांगा: तुमच्या कमाईचे पैसे कुणाच्या फोनवर येतात?

यूपीआय २०१६ ला आलं, आता भाजीवालीपासून फॉल-पिकोवालीपर्यंत सगळ्यांकडे स्कॅनर दिसतो. पण तो कुणाच्या खात्याचा असतो? बाई राबते आणि पैसे आल्याचा मेसेज दुसऱ्याच कुणाच्या फोनवर वाजतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की विचारावंसंच वाटलं. ज्यांनी हे बदललं त्यांनी कसं ते पण लिहा.

इचलकरंजी
मी ब्लाउज शिवते. आधी ह्यांच्या खात्याचा स्कॅनर लावलेला, गिऱ्हाईक पैसे टाकून जायचं आणि मी संध्याकाळी विचारायचं, आज किती आले. भांडण नव्हतं हो, पण हिशोब माझ्या हातात नव्हता. गटातल्या ताईंनी माझ्या खात्याचा क्यूआर काढून दिला. नंतर पिको मशीनसाठी मुद्राचं शिशु कर्ज (५० हजारापर्यंत, तारण लागत नाही) मागायला गेले, साहेबांनी स्टेटमेंट मागितलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं, पन्नास, शंभर, दोनशे अशा ओळीच ओळी. नुसतं 'मी शिवते' म्हणून कोण कर्ज देतं?

ठाणे
पार्लर सोडून अ‍ॅपवर घरोघरी जायला लागले, कमाई वाढली हे खरंय. पण मुलगा तापाने फणफणलेला म्हणून लागोपाठ बुकिंग कॅन्सल केली तर आयडीच बंद, चॅटवर तेच तेच उत्तर, माणूस कुणी भेटेचना. पार्लरवाल्या मॅडम ओरडायच्या पण समोर तरी असायच्या. किट हप्त्यावर घेतलेलं, ते हप्ते थोडेच थांबतात. रजा नाही, पीएफ नाही.

माण तालुका
आमच्या म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ ची. बायकांना लिहिता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारलेला, मग त्या लिहायला शिकल्या आणि परत गेल्या. पुढे बायकांनीच सांगितलं, पासबुक घरी नको, नवऱ्याच्या हाती लागलं तर पैसे जातात, तेव्हा बँक कार्ड आणि छोटं मशीन घेऊन दारात यायला लागली. म्हणजे मशीन कसं पाहिजे ते आधी बायकांना विचारलं. फोनचं तसं कुठे आहे? पैसे आले की मेसेज अख्ख्या घराला दिसतो, बाईला चार पैसे बाजूला टाकायचे असतील तर?

नाशिक
२०२५ ला लाडकी बहीणच्या ई-केवायसीला नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी मागत होते. मावशी विधवा, वडीलही नाहीत. कुणाचा ओटीपी देणार? महिन्याच्या १५०० त तिच्या गोळ्या येतात, फार जीव टांगणीला लागला होता.

परभणी
ज्यांचा आधार भावाच्या, नवऱ्याच्या नंबरला जोडलाय त्यांच्यासाठी लिहिते. आधार केंद्रात स्वतः गेलं की बोटाच्या ठशावर नंबर बदलतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. मग बँकेत अर्ज देऊन तिथलाही नंबर बदला, आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात पडतात ते तिथेच विचारून घ्या, कारण ते आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. आमच्या गटातल्या बायका मिळूनच गेल्या होत्या.