न्किसी : मूर्ती, ताईत की आणखी काही?

प्रश्न

कांगो नदीच्या मुखाकडच्या बाकोंगो लोकांच्या कलेवरचा एक लेख मराठीत आणतेय. अंगभर खिळे ठोकलेला तो लाकडी पुतळा फोटोत बहुतेकांनी पाहिला असेल. त्यांच्या किकोंगो भाषेतला मूळ शब्द न्किसी, अनेकवचन मिन्किसी. इंग्रजीत पूर्वी 'फेटिश' म्हणत, आता 'पॉवर फिगर' म्हणतात. 'शक्तिमूर्ती' लिहिलं तर थेट देवीचं देऊळ डोळ्यांपुढे येतं. काय लिहावं?

प्रतिसाद

'शक्ती'पेक्षा मला 'मूर्ती'च खटकते. न्किसी पुतळाच असतो असं कुठेय? मडकं, शिंपला, कापडाचं गाठोडं, हेही न्किसीच. खरं मोल आतल्या ऐवजाचं. त्याला म्हणतात बिलोंगो. त्यात पांढरी माती, कबरीवरची माती, बिया, असं बरंच काही. यातली पांढरी माती म्हणजे म्पेम्बा, आणि मेलेल्यांच्या मुलखाचंही नाव तेच! शब्दाला शब्द जुळतो म्हणून जिन्नस निवडायचा, ही तिथली रीतच. पुतळा असेल तर न्गांगा, म्हणजे हे जाणणारा माणूस, बऱ्याचदा पोटावरच्या कप्प्यात बिलोंगो भरून वर आरसा बसवतो. किकोंगोत मोयो म्हणजे पोट आणि मोयो म्हणजे जीवही. बिलोंगो काढून घेतलं की उरतं ते लाकूड. परदेशी संग्रहालयांतल्या कितीतरी पुतळ्यांचा तो कप्पा रिकामा आहे.

प्रतिसाद

मग प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्तीच की ही!

प्रतिसाद

तिथेच फसगत होते. आपण मूर्तीत देव आणतो आणि मूर्तीला त्याचं रूप मानतो. न्किसीत बोलावलेला असतो तो मेलेल्यांच्या मुलखातला कुणीतरी, आणि त्याला काम नेमून दिलेलं असतं: कुणी दुखणं बरं करायचं, कुणी चोर शोधायचा.

खिळ्यांबाबत तर मराठी माणूस हमखास चुकतो. झाडाला खिळ्याने ठोकलेली काळी बाहुली आपण पाहिलेली असते. भूत 'खिळवतात' ते जागचं हलू नये म्हणून. इथे नेमकं उलटं. खिळा ठोकायचा तो आतल्याला जागं करायला, डिवचायला. अशा पुतळ्याला न्कोन्डी म्हणतात. 'कोन्डा' या क्रियापदाचा अर्थ एकट्याने शिकारीला निघणं, तेव्हा न्कोन्डी म्हणजे शिकारी. दोघांत तंटा मिटला, करार झाला, की दोघं त्याच्यासमोर शपथ घेणार आणि लोखंडाचा तुकडा ठोकला जाणार. शपथ मोडणाऱ्याच्या मागे तो लागायचा. एकेक खिळा म्हणजे एकेक 'माम्बू', एकेक प्रकरण. अंगावर कोर्टाचं दफ्तर घेऊन उभा आहे म्हणा ना.

न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात मांगाका नावाचा असा एक न्कोन्डी आहे, सुमारे ११८ सेंटिमीटर उंच. हात कमरेवर, पण विठोबाची आठवण काढू नका. हा पुढे झुकून उभा आहे. या उभं राहण्याला 'पाकालाला' म्हणतात, म्हणजे 'ये, बघतोच' असा पवित्रा.

प्रतिसाद

'फेटिश' मात्र टाळाच. मूळ पोर्तुगीज 'फेतिसो', म्हणजे जादूटोणा, आणि त्यामागचा लॅटिन शब्द 'बनवलेलं, कृत्रिम' अशा अर्थाचा. फ्रान्सच्या शार्ल द ब्रोस यांनी १७६० मध्ये त्यावरून आख्ख्या धर्मप्रकाराला नाव दिलं. गंमत म्हणजे न्किसींना सैतानी म्हणणाऱ्या मिशनऱ्यांनीच 'पवित्र' या अर्थाने शब्द उचलला तो 'न्किसी' हाच! चर्च झालं 'न्झो आ न्किसी', न्किसीचं घर.

समुद्रापार गेल्यावर शब्द आणखी हलले. ब्राझीलमध्ये कान्दोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या धर्माच्या अंगोला परंपरेत 'इन्किसे' म्हणजे देवता. क्युबात पालो पंथात न्गांगा हा माणूस उरला नाही, ज्या कढईत ऐवज भरतात तिलाच न्गांगा म्हणतात.

प्रश्नकर्ती

म्हणजे मूळ शब्दच ठेवायचा, भाषांतर नाही. पण लिंग कुठलं? तो, ती की ते?

प्रतिसाद

'ते'. किकोंगोत माणसांच्या नामांचं अनेकवचन 'बा' लावून होतं: मुन्टू (माणूस)–बान्टू, न्गांगा–बान्गांगा. न्किसीला लागतो 'मि'. म्हणजे व्याकरणाने त्याला माणसांच्या पंगतीत बसवलेलं नाही. 'ते न्किसी' लिहा, आणि न्कोन्डीला खुशाल 'तो' म्हणा. शिकारी आहे शेवटी, मराठी कान तेच मागेल. न्गांगाला मात्र 'भगत' करू नका. वैद्य आणि पंच ही दोन्ही कामंही त्याचीच.